उशिरा पोहोचणारा गुप्तहेर
योकोमिझो सेइशी यांच्या कादंबऱ्यांतील घर, वारसा आणि खून

रहस्यकथेच्या वाचकाची गुप्तहेराकडून एक साधी अपेक्षा असते. त्याने खुनी शोधावा हे तर आलेच; पण पहिला खून झाल्यावर तो घटनास्थळी हजर असेल, तर निदान दुसरा होऊ देऊ नये. जपानी लेखक योकोमिझो सेइशी यांचा किंदाइची कोसुके हा गुप्तहेर ही अपेक्षा क्वचितच पुरी करतो. तो येतो, चौकशी करतो, केसांत बोटे खुपसून डोके खाजवतो, आणि तो त्याच गावात मुक्कामाला असताना दुसरा खून पडतो, मग तिसरा. शेवटी सगळ्यांना समोर बसवून तो घडलेल्या प्रकाराचा बिनचूक उलगडा करतो. तोवर वाचवण्याजोगे फारसे कोणी उरलेले नसते.

यावरून जपानी वाचक त्याची थट्टा करतात. तरीही तो तिथल्या सर्वांत लाडक्या गुप्तहेरांपैकी एक आहे. त्याच्या पुस्तकांच्या कोट्यवधी प्रती खपल्या, त्याच्यावर चित्रपट आणि दूरदर्शन मालिका निघाल्या, आणि आजही निघतात. ज्याला कोणालाच वाचवता येत नाही अशा माणसावर एका देशाने एवढे प्रेम का करावे, हा या लेखाचा विषय आहे.

ही मालिका मी इंग्रजी अनुवादांतून वाचली. ‘द होनजिन मर्डर्स’ २०१९ साली इंग्रजीत आली आणि त्यानंतर एकामागून एक प्रमुख कादंबऱ्या उपलब्ध होत गेल्या. पहिल्या वाचनात मी त्या कोड्यासाठी वाचल्या. दुसऱ्या वाचनात शेजारी कागद घेऊन प्रत्येक कादंबरीतल्या घराण्याची वंशावळ मांडली, आणि मग लक्षात आले की किंदाइचीला उशीर का होतो याचे उत्तर त्या कागदावरच आहे. पुढे मी कुठल्याही कादंबरीतला खुनी सांगणार नाही, त्यामुळे ज्यांना ही पुस्तके अजून वाचायची आहेत त्यांनीही निर्धास्त वाचावे. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहिले आहे.

औषधाच्या दुकानातला लेखक

योकोमिझो यांचा जन्म १९०२ साली कोबे या बंदराच्या शहरात झाला. घरचे औषधांचे दुकान होते आणि त्यांचे शिक्षणही औषधनिर्मितीचेच झाले. कथेचे वेड मात्र लहानपणापासूनचे. १९२१ साली ‘शिन सेइनेन’ या मासिकात त्यांची पहिली कथा छापून आली. जपानी रहस्यकथेचे जनक मानले जाणारे एदोगावा रानपो यांनी त्यांना तोक्योला बोलावून घेतले, आणि हा औषधविक्रेता त्याच ‘शिन सेइनेन’चा संपादक झाला. पुढे त्यांनी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन सुरू केले, तोच क्षयाने गाठले. १९३४ पासूनची काही वर्षे नागानो प्रांतातल्या डोंगराळ भागात विश्रांती घेण्यात गेली.

मग युद्ध आले. रहस्यकथा हा शत्रूराष्ट्रांकडून आलेला चैनीचा प्रकार ठरला आणि ती लिहिणे जवळपास अशक्य झाले. योकोमिझो जुन्या एदो काळातल्या शहर-शिपायाच्या चातुर्यकथा लिहून दिवस काढत होते. त्या काळात त्यांनी जॉन डिक्सन कार या लेखकाची इंग्रजी पुस्तके वाचली. बंद खोलीतला खून हा कारचा हातखंडा. खोली आतून बंद, खिडक्या बंद, आत प्रेत, आणि मारेकऱ्याचा पत्ता नाही.

१९४५ साली तोक्योवर बॉम्बवर्षाव होत असताना योकोमिझो कुटुंबासह ओकायामा प्रांतातल्या ओकादा या खेड्यात राहायला गेले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव त्याच भागातले. तिथे ते सुमारे तीन वर्षे राहिले. शहरात वाढलेला हा माणूस पहिल्यांदाच खेड्याच्या आत शिरला होता. कोणाचे घर कोणापेक्षा वरचे, कोणाची सोयरीक का मोडली, कोणाच्या आजोबांनी कोणाची जमीन घेतली, हे सारे त्यांच्या कानावर पडत होते. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. आता पुन्हा खरीखुरी रहस्यकथा लिहिता येईल या विचाराने त्यांना झालेला आनंद त्यांनी पुढे उघडपणे सांगितला आहे. १९४६ साली ‘होसेकी’ हे नवे मासिक निघाले आणि त्यात ‘होनजिन सात्सुजिन जिकेन’ म्हणजे ‘होनजिनमधील खून’ ही कादंबरी क्रमशः सुरू झाली. १९४८ साली जपानच्या रहस्यकथा लेखकांच्या संस्थेचा पहिला पुरस्कार तिला मिळाला.

कागदाच्या भिंती

जपानी घरात बंद खोलीचे रहस्य रचता येणार नाही असे त्या काळी मानले जाई, आणि ते खोटे नव्हते. पाश्चात्त्य घराला दगडविटांच्या भिंती, जाड दारे, कुलपे. जपानी घर लाकडाचे, सरकत्या दारांचे, खोल्यांमध्ये कागद चिकटवलेल्या चौकटी. बंद खोली म्हणावी अशी जागाच नाही. योकोमिझो यांनी हे आव्हान घेतले. रात्री घराभोवती लाकडी झडपा लावून घेतात, त्यांचा त्यांनी उपयोग केला. मुख्य घरापासून वेगळे, बागेतले एक छोटे घर घेतले, भोवती बर्फ पाडला, आणि त्या बर्फावर बाहेर जाणाऱ्या पावलांचा एकही ठसा ठेवला नाही.

पण त्या घराला आणखी एक भिंत होती. ‘होनजिन’ म्हणजे जुन्या राजमार्गांवर सरंजामदार प्रवासात उतरत ते ठिकाण. ते ज्याच्या घरी उतरत ते घराणे मोठ्या मानाचे. कादंबरीतले इचियानागी घराणे अशा होनजिनवाल्यांचे. १८६८ च्या मेइजी सत्तांतराच्या सुमारास जुनी व्यवस्था कोसळणार हे ओळखून ते राजमार्ग सोडून खेड्यात आले, स्वस्तात जमिनी घेतल्या आणि मोठे जमीनदार झाले. १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये या घरातल्या थोरल्या मुलाचे, केन्झोचे, लग्न होते. मुलगी कात्सुको शिकलेली, शाळेत शिकवणारी. तिचे वडील आणि काका मात्र एके काळी दुसऱ्याची जमीन कसणारे कूळ होते. काकाने अमेरिकेत राबून पैसा केला, परत येऊन फळबागा उभ्या केल्या. आज त्यांच्याकडे पैसा आहे, पण घराणे नाही. इचियानागींच्या घरातल्या बहुतेकांचा या लग्नाला विरोध आहे. लग्नाच्या रात्री बागेतल्या घरातून किंकाळी आणि कोतो या तंतुवाद्याचा विचित्र झंकार ऐकू येतो. दार फोडून आत जातात तर नवरा-नवरी रक्ताच्या थारोळ्यात.

ही घटना सांगणारा निवेदक युद्धकाळात त्या गावात आश्रयाला आलेला रहस्यकथालेखक आहे, म्हणजे योकोमिझो यांचीच सावली. तो गाव सांगेल तसे ऐकतो. ‘घराणे’ हा शब्द खेड्यात अजून किती जिवंत आहे याचे त्याला आश्चर्य वाटते. बंद खोलीचे यंत्र कसे चालले हे कादंबरीच्या शेवटी कळते आणि ते चतुर आहे. परंतु यंत्र कळल्यानंतरही एक प्रश्न उरतो: एवढ्याशा कारणासाठी माणूस असे का करेल? त्या कारणाचे उत्तर घराण्याच्या अभिमानाच्या आत उभे राहिल्याशिवाय पटत नाही. तालेवार घरातल्या सोयरिकीच्या बैठका पाहिलेल्या मराठी वाचकाला ते समजावून सांगावे लागत नाही.

किंदाइची कोसुके याच कादंबरीत पहिल्यांदा येतो. कात्सुकोच्या काकाची तार मिळाल्यावर तो खुनानंतर गावात पोहोचतो. वय पंचविशीच्या आसपास, अंगात चुरगळलेला किमोनो आणि हाकामा हा घोळदार पोशाख, डोक्यावर पक्ष्याच्या घरट्यासारखे केस, आणि उत्तेजित झाला की बोलताना अडखळणारी जीभ. अमेरिकेत जाऊन अमली पदार्थांच्या नादी लागलेला, तिथल्या जपानी वस्तीतल्या एका खुनाचा उलगडा केल्यामुळे लोकांच्या नजरेत भरलेला आणि या काकाच्याच पैशाने सावरलेला तरुण. त्याचे आडनाव आयनू भाषेचे प्रसिद्ध अभ्यासक किंदाइची क्योसुके यांच्यावरून घेतले आहे. गुप्तहेराला पोसणारा माणूस एके काळचा कूळ आहे आणि खून जमीनदाराच्या घरात झाला आहे, ही मांडणी सहज झालेली वाटत नाही.

कायद्याने मोडलेले घर

या कादंबऱ्या कोणत्या काळात लिहिल्या जात होत्या हे पाहिले की त्यांचे वजन कळते. १८९८ च्या जपानी दिवाणी कायद्याने ‘इए’ म्हणजे घर हे कायद्याचे एकक मानले होते. घराला एक कर्ता असे. कुटुंबातल्या माणसांच्या लग्नाला त्याची संमती लागे. कर्त्यानंतर घराण्याचा वारसा सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई, बाकीच्यांकडे नाही. थोरल्या पातीला ‘होन्के’ आणि धाकट्या पातीला ‘बुन्के’ म्हणत, आणि त्यांच्यातला उच्चनीचपणा पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे.

पराभवानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमध्ये दोन-तीन वर्षांत हे सारे कागदावर संपले. नवी राज्यघटना ३ मे १९४७ रोजी अमलात आली आणि सरदार-उमरावांच्या पदव्या रद्द झाल्या. दिवाणी कायदा बदलला आणि १ जानेवारी १९४८ पासून घराच्या कर्त्याची सत्ता व थोरल्याचा एकट्याचा वारसा गेला. १९४६ च्या जमीन सुधारणा कायद्याने गैरहजर जमीनदाराची कुळांकडे असलेली सगळी जमीन सरकारने विकत घेऊन कुळांना दिली. गावात राहणाऱ्या जमीनदाराला कुळाकडे ठेवता येणारी जमीन सर्वसाधारणपणे सुमारे एक हेक्टरवर आणली. सुधारणेपूर्वी देशातली निम्म्याच्या जवळपास शेतजमीन कुळांकडे होती. काही वर्षांत ते प्रमाण एक दशांशावर आले.

‘होनजिनमधील खून’ छापली जात होती तेव्हा होनजिनवाल्यांच्या जमिनी जात होत्या. म्हणून योकोमिझो यांच्या गावकथांना जुन्या काळाच्या आठवणी म्हणणे मला अपुरे वाटते. दस्तऐवजातून नुकत्याच पुसल्या गेलेल्या, पण माणसांच्या मनात जशाच्या तशा असलेल्या व्यवस्थेचा त्या पंचनामा आहेत. कायदा एका तारखेला बदलतो. आजी, थोरली सून, देवळाचा पुजारी त्या तारखेला बदलत नाहीत. या दोहोंमधल्या फटीत योकोमिझो यांचे खून होतात.

परत आलेले सैनिक

दुसरी कादंबरी ‘गोकुमोन्तो’ १९४७-४८ मध्ये आली. मधल्या काळात किंदाइचीही युद्धावर जाऊन आला आहे. न्यू गिनीहून परतताना जहाजावर त्याचा सोबती चिमाता त्याच्यासमोर मरतो. मरताना तो सांगतो की मी घरी पोहोचलो नाही तर माझ्या तिन्ही बहिणी मारल्या जातील, तू माझ्या बेटावर जा. गोष्ट १९४६ ची. सेतो समुद्रातल्या त्या बेटावर कितो घराण्याची सत्ता आहे. जाळी आणि होड्या त्यांच्या, कोळी त्यांच्या कामाला. घराण्याची थोरली पाती आणि धाकटी पाती यांत वैर आहे. थोरल्या पातीचा म्हातारा कर्ता वारलेला, त्याचा मुलगा वेडा होऊन घरातल्याच गजांच्या खोलीत कोंडलेला. वारस युद्धावर गेलेले, आणि घरी उरलेल्या तीन अल्लड बहिणी.

या कादंबरीतले दोन तपशील मला फार बोलके वाटतात. परत येणाऱ्या सैनिकांच्या बातम्या रेडिओवरून सांगत, त्याकडे कान लावून बसलेले घर, हा एक. देवळाची घंटा हा दुसरा. युद्धात धातूसाठी देशभरातल्या देवळांच्या घंटा सरकारजमा झाल्या होत्या. या बेटावरची घंटा वितळण्यापासून वाचली आणि किंदाइची ज्या सुमारास बेटावर येतो त्याच सुमारास तीही परत येते. घंटा परत आली, वारस मात्र परत आला नाही. बहिणींचे खून तीन हायकूंच्या आशयानुसार मांडलेले आहेत, आणि त्यांत या घंटेलाही काम आहे. किंदाइचीला तर आधीच सूचना मिळालेली आहे, मरणाऱ्या मित्राला दिलेला शब्द आहे, तरीही त्याला काही करता येत नाही. भरीला बेटावरचा हवालदार संशयावरून त्यालाच कोठडीत टाकतो.

‘इनुगामी घराणे’ ही कादंबरी १९५०-५१ मध्ये ‘किंगु’ या लोकप्रिय मासिकात आली. रेशमाच्या धंद्यात गडगंज झालेला इनुगामी साहेइ मरतो. त्याला तीन बायांपासून झालेल्या तीन मुली, कोणाशीच लग्न केलेले नाही. प्रत्येक मुलीला एक मुलगा. मृत्युपत्रात म्हातारा सगळी इस्टेट ठेवतो तामायो या परक्या मुलीच्या नावावर, अट अशी की तिने तिघा नातवांपैकी एकाशी लग्न करावे. थोरला नातू कियो ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतेपर्यंत मृत्युपत्र उघडायचे नाही. कियो परततो. त्याचा चेहरा युद्धात उद्ध्वस्त झाल्यामुळे त्याच्या तोंडावर रबराचा मुखवटा आहे. मुखवट्यामागचा माणूस तोच आहे का, हा प्रश्न सगळ्या घराला खात राहतो. इथेही किंदाइचीला उशीर होतो, तोही असा की ज्या वकिलाने पत्र लिहून त्याला बोलावले तो त्याची भेट होण्याआधीच विषाने मरतो.

कादंबरी सुरू झाली तेव्हा थोरल्याच्या एकट्याच्या वारशाचा कायदा जाऊन दोन वर्षे झाली होती. साहेइने ते जुने भांडण मृत्युपत्राच्या वाटेने पुन्हा घरात आणले. त्याने स्वतःच्या हाताने कोणाला मारले नाही. त्याने फक्त अटी लिहिल्या. युद्धानंतर परदेशांतून सुमारे ६५ लाख जपानी मायदेशी परतत होते. कोण मेला, कोण जिवंत आहे, आलेला माणूस तोच आहे का, त्याच्या जागी आता कोण आहे, हे प्रश्न तेव्हा घरोघर विचारले जात होते. रबराचा मुखवटा वाचकाला अतिरंजित वाटला नसेल.

इतर प्रमुख कादंबऱ्यांतही हेच सूत्र वेगळ्या रूपात दिसते. ‘यात्सुहाका-मुरा’ म्हणजे आठ थडग्यांचे गाव. तिच्या मागे १९३८ साली ओकायामाच्याच डोंगराळ भागात एका तरुणाने एका रात्रीत ३० जणांना मारले, ती त्सुयामाची खरी घटना आहे. योकोमिझो यांनी ती बदलून एका जमीनदार घराण्याच्या इतिहासात बसवली आणि तिच्या तळाशी १५६६ साली सोन्यासाठी मारलेल्या आठ सामुराईंची दंतकथा ठेवली. ‘सैतान येतो बासरी वाजवत’ या १९५१-५३ च्या कादंबरीत पदवी गमावलेले उमराव घराणे आहे आणि १९४८ सालच्या तोक्योतल्या तेइकोकू बँकेच्या विषप्रयोगावर बेतलेले एक प्रकरण आहे. ‘सैतानाचे चेंडूगाणे’ या १९५७-५९ च्या कादंबरीत एका खेड्यातल्या दोन प्रबळ घराण्यांचा हिशेब मुलींच्या खेळातल्या गाण्याच्या कडव्यांप्रमाणे चुकता होतो.

उशीर कशाला होतो

जपानी समीक्षक कासाइ कियोशी यांनी रहस्यकथेबद्दल एक मोलाचा विचार मांडला आहे. पहिल्या महायुद्धात माणसे लाखांनी, निनावी मेली. त्यानंतरच्या रहस्यकथेने एकेका मृताला त्याचे स्वतःचे मरण परत दिले, कारण त्या कथेत खुनी प्रत्येक मरण बारकाईने योजतो आणि गुप्तहेर ते तितक्याच बारकाईने उलगडतो. जपानमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. सुमारे ३१ लाख जपानी माणसे त्या युद्धात गेली, आणि १९४६ साली एक क्षयरोगी लेखक एका खेड्यातल्या दोन मृत्यूंचा तासातासाचा हिशेब मांडत होता.

मला हे पटते, पण त्याने किंदाइचीच्या उशिराचा उलगडा होत नाही. त्यासाठी वंशावळीचा तो कागद पाहावा लागतो. कादंबरीतल्या घराण्याचे नाते मांडू लागले की कागदावर प्रथम रेषा कमी पडतात. ठेवलेल्या बाईची मुले, दत्तक गेलेला मुलगा, ज्याचा बाप कोण हे दोनच माणसांना माहीत आहे असा वारस, धाकट्या पातीत दिलेली पण थोरल्या पातीत वाढलेली मुलगी. एखाद्या रेषेवर प्रश्नचिन्ह येते, आणि बहुधा त्या प्रश्नचिन्हापाशीच प्रेत पडते. खून होतो तो दिवस किंदाइचीच्या मुक्कामातला असतो, पण तो ठरतो वीस-तीस वर्षांपूर्वी, कोणीतरी मूल लपवले, सोयरीक नाकारली किंवा मृत्युपत्रात एक ओळ घातली तेव्हा. किंदाइचीचा उशीर दोन दिवसांचा दिसतो. प्रत्यक्षात तो एका पिढीचा असतो. इतका उशीर भरून काढणे कोणत्याही गुप्तहेराच्या हातात नाही.

म्हणून त्याची पद्धतही वेगळी आहे. शेरलॉक होम्स बुटांवरचा चिखल पाहतो. किंदाइचीही वस्तू पाहतो, पण त्याचा बराचसा वेळ ऐकण्यात जातो. खानावळीची मालकीण, म्हातारा पुजारी, गावचा डॉक्टर, जुनी मोलकरीण यांच्याजवळ तो बसतो. कोणत्या सालची गोष्ट, तेव्हा घरात कोण होते, ते मूल पुढे कुठे गेले, असे विचारत राहतो. आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावरून मागे फेरफारांच्या नोंदींपर्यंत जात जमिनीचा इतिहास काढतात, तसे हे काम आहे. त्याचा शेवटचा खुलासा ऐकताना घराला पहिल्यांदाच स्वतःचा खरा इतिहास ऐकू येतो. तो कोणाला वाचवत नाही, पण खोटी नोंद पुढच्या पिढीकडे जाऊ देत नाही.

पराभूत देशातल्या वाचकाला या माणसाविषयी माया का वाटली असेल, हे मला इथे उमगते. तोही युद्धावरून सगळे संपल्यानंतर परतला होता. झाले ते कोणालाच टाळता आले नव्हते. ते कसे आणि कोणाच्या निर्णयाने झाले हे तरी कोणीतरी नावानिशी सांगावे, एवढी मागणी शिल्लक होती.

विस्मरण आणि पुनरागमन

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मात्सुमोतो सेइचो यांच्या कादंबऱ्यांनी जपानी रहस्यकथेचे वळण बदलले. रेल्वेचे वेळापत्रक, सरकारी खाती, भ्रष्टाचार हे नवे विषय आले आणि वाडे, शाप, मुखवटे जुनाट ठरले. योकोमिझो यांचे लेखन साठीच्या दशकात जवळपास थांबले. १९७१ पासून कादोकावा या प्रकाशनसंस्थेने त्यांची पुस्तके सुगिमोतो इचिबुन यांच्या भयचकित करणाऱ्या मुखपृष्ठांसह स्वस्त खिशात मावणाऱ्या आवृत्तीत काढायला सुरुवात केली. १९७६ साली इचिकावा कोन यांनी दिग्दर्शित केलेला ‘इनुगामी घराणे’ हा चित्रपट आला आणि तुफान चालला. शहरात वाढलेली, खेडे न पाहिलेली पिढी आता या कादंबऱ्या वाचत होती. आजोबांच्या ज्या घरातून आपण बाहेर पडलो त्या घरात काय होते, याचे कुतूहल त्या यशामागे असावे असे मला वाटते. ओकादा हे खेडे आता कुराशिकी शहराच्या माबी भागात येते. योकोमिझो राहिले ते घर तिथे जपलेले आहे. किंदाइची पहिल्या कादंबरीत ज्या कियोने स्थानकावर उतरतो, तिथून त्याच्यासारखे कपडे घातलेले चाहते शरद ऋतूत त्या खेड्यातून चालत जातात.

मराठीतून पाहताना

इंग्रजी अनुवादकांना या कादंबऱ्यांत बरेच काही समजावून सांगावे लागते. मराठी वाचकाकडे थोरली पाती, धाकटी पाती, कूळ, दत्तक, ठेवलेली बाई, घराण्याचा मान हे शब्द आधीपासून आहेत. शिवाय काळही जुळतो. मुंबई राज्यात कूळकायदा १९४८ चा, कोकणातली खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा, हिंदू वारसा कायदा १९५६ चा, आणि कुळे जमिनीची मालक झाली तो कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा. जपान आणि महाराष्ट्र यांनी एकाच दशकात वाड्याखालची जमीन काढून घेतली. तिकडे ते पराभवानंतर परक्या सत्तेखाली वेगाने झाले, इकडे स्वातंत्र्यानंतर आपल्याच विधिमंडळातून आणि कज्जेदलालीच्या गतीने.

साहित्यात मात्र वाटा वेगळ्या झाल्या. त्या काळात आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोहोचले होते, पण त्यांचा वेग आणि थरार साहसाचा होता. वाड्यातली भीती नारायण धारपांच्या भयकथेकडे गेली. वाड्यातले वारसाचे भांडण महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’सारख्या नाटकात आले, तेही १९८५ साली, आणि तिथे रक्त सांडत नाही, माणसे हळूहळू झिजतात. भीती, वारसा आणि तर्क या तिन्ही गोष्टी एकाच वाड्यात आणणारी रहस्यकथा योकोमिझो यांनी लिहिली. त्यांच्याकडे शाप असतो, दंतकथा असते, पण शेवटी त्यामागे माणूस निघतो आणि माणसामागे एखादा जुना कागद.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘होनजिन’पासून करावी, मग ‘गोकुमोन्तो’ आणि ‘इनुगामी’ घ्यावी. नावे सुरुवातीला अडखळायला लावतात, म्हणून वंशावळीचा कागद जवळ असू द्यावा. खुनी कोण हे ओळखण्याची घाई न करता, या घरात कोणाची नोंद खोटी आहे हे शोधत वाचले तर कादंबरी अधिक देते.

किंदाइचीला स्वतःचे घर नाही. तो खानावळीत, कोणाच्या तरी वाड्याबाहेरच्या खोलीत राहतो. योकोमिझो यांनी त्याला बायको दिली नाही, मुले दिली नाहीत. १९७५ ते १९७७ या काळात आलेल्या ‘ब्योइन्झाका’ या कादंबरीत तो वीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेले प्रकरण १९७३ साली पुरे करतो आणि मग अमेरिकेला निघून जातो, पुन्हा कोणाला सापडत नाही. योकोमिझो १९८१ साली वारले. १९९२ साली जपानमध्ये एक चित्रमालिका सुरू झाली. तिचा शाळकरी नायक प्रत्येक प्रकरणात आजोबांच्या नावाची शपथ घेतो, आणि ते आजोबा म्हणजे किंदाइची कोसुके. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वंशावळी तपासणाऱ्या या एकट्या माणसाच्या नावापुढे वाचकांच्या पुढच्या पिढीने अशी एक रेष ओढली. कागदपत्रांत तिला कसलाही आधार नाही.